टकटकताईंनी न मारलेली मुलगी

आमच्या घरात बसल्या बसल्या वरच्या मजल्यावरची कादंबरी ऐकू यायची. शब्द कळायचे नाहीत, पण प्रकरण कसलं चाललंय ते बरोबर कळायचं. टकटक एका लयीत पडत असली की समजावं, कोणीतरी कुठेतरी चालत निघालंय आणि वाटेत झाडंबिडं आहेत. तडातडा पडायला लागली की भांडण. आणि एकेक अक्षर दमून, थांबून पडायला लागलं की आमची ही भाजी चिरता चिरता वर बघायची आणि म्हणायची, "गेलं वाटतं कोणीतरी."

वर राहतात त्या टकटकताई. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण इमारतीतल्या पोरांनी ठेवलेलं नाव टिकलं आणि ताईंनीही कधी तक्रार केली नाही. साठीला टेकल्या आहेत, लग्न केलं नाही, आणि टायपिंग हा त्यांचा धंदा आहे तसाच स्वभावही. फळवाल्याशी घासाघीस करतानासुद्धा उजव्या हाताची बोटं पिशवीच्या बंदावर चालूच असतात. एकदा मी विचारलं, "ताई, आत्ता माझ्याबद्दल काय टाइप केलंत?" तर म्हणाल्या, "तुमचं नाव. खाली लाल रेघ मारली." मला त्या 'कळलावे' म्हणतात. जिन्यातून 'अहो कळलावे' अशी इतक्या सहजपणे हाक मारतात की नव्याने राहायला आलेल्यांना ते माझं आडनाव वाटतं. आमची ही ती चूक दुरुस्त करत नाही.

ताईंचं एकच मोठं गिऱ्हाईक, दोन गल्ल्या पलीकडे राहणारे लेखकमहाशय. उंच, वाकलेले, भुवया अशा की त्यात चिमणीने घरटं करावं. त्यांची काम करायची तऱ्हा साऱ्या पुस्तकवाल्यांत प्रसिद्ध आहे. ते लिहीत नाहीत, बोलतात. खिडकीकडे तोंड करून, हात पाठीमागे बांधून बोलत राहतात, आणि ताई मागे स्टुलावर बसून लघुलिपीत उतरवून घेतात. मग घरी येऊन ते टाइप करायचं, गठ्ठा बांधायचा आणि सरळ प्रकाशकाकडे पोचवायचा. लेखकमहाशयांच्या हाती तो पुन्हा जात नाही, कारण आपलं लिखाण ते कधीच वाचत नाहीत. हस्तलिखित नाही, मुद्रितं नाही, छापलेलं पुस्तकसुद्धा नाही. "एकदा तोंडातून गेलेलं पुन्हा वाचणं म्हणजे स्वतःचं उष्टं खाणं," असं ते म्हणतात. छापून आलेलं पुस्तक प्रकाशक त्यांना भेट देतो, ते पुठ्ठा वाजवून बघतात, हुंगतात आणि कपाटात ठेवतात.

आता या तऱ्हेने काय गोंधळ होऊ शकतो हे माझ्यासारख्या माणसाला आधीच सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

नावाड्याच्या मुलीची ती कादंबरी त्यांची सगळ्यात गाजलेली. तिला दहा वर्षं झाली म्हणून सभागृहात कार्यक्रम होता. ताईंना दोन पास मिळाले होते, आमच्या हिला गुडघ्याने सोडलं नाही, म्हणून ताईंच्या शेजारच्या खुर्चीत मी. भाषणं झाली. मग प्रश्नोत्तरं. मागून एक शाळामास्तरीण उठल्या. हातात ते पुस्तक, कोपरे झिजलेलं.

"मला प्रश्न नाही विचारायचा," त्या म्हणाल्या. "फक्त आभार मानायचे आहेत. ती पोर बापासाठी डॉक्टर आणायला धुक्यात एकटी नाव घेऊन जाते, नाव रिकामी परत येते, तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. दोन दिवस उघडलं नाही. मग धीर करून शेवटचं पान वाचलं. तुम्ही तिला जगवलीत. मी त्या वेळी स्वतः आजारी होते. बस, एवढंच."

लोक टाळ्या वाजवायला लागले. लेखकमहाशयांनी हात वर केला.

"बाई," ते म्हणाले, "तुमची काहीतरी गफलत झाली आहे. माझी मुलगी बुडाली."

सभागृह खो खो हसलं. काय विनोदी लेखक आहे! शाळामास्तरीणसुद्धा हसल्या.

"हसू नका. ती बुडाली. रिकामी नाव काठाला लागते आणि बाप नाव बांधून ठेवतो, तिथे कादंबरी संपते. मी सांगतो ना, मी होतो तिथे."

आता हसू विरत चाललं. पहिल्या रांगेतला एक पत्रकार उठला, पुस्तक उघडून शेवटचं पान मोठ्याने वाचायला लागला. मी मजेत ऐकत होतो. सहज शेजारी बघितलं, तर ताईंची बोटं मांडीवरच्या पर्सवर थांबलेली. ताईंची बोटं थांबलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. त्यांच्या आईला उचलून नेलं तेव्हासुद्धा ती पदराच्या काठावर चालत होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक मथळा: 'लेखकालाच ठाऊक नाही कादंबरीचा शेवट!' त्यानंतर जो धुरळा उडाला, विचारू नका. कोणी म्हणालं, हा खप वाढवायचा डाव आहे. कोणी म्हणालं, प्रकाशकाने लोकांना रडू यायला नको म्हणून गुपचूप शेवट बदलला. प्रकाशक म्हणाला, माझ्याकडे जे टाइप होऊन आलं ते छापलं, काना-मात्रा इकडची तिकडे केली नाही. ज्या समीक्षकाने 'शेवटच्या पानावरची अपार करुणा' यावर लांबलचक लेख लिहिला होता, तो बाहेरगावी निघून गेला. वाचकांचे दोन तट पडले, बुडालेवाले आणि परतलेवाले. केस कापायच्या दुकानात एका बुडालेवाल्याच्या दाढीला परतलेवाल्या न्हाव्याने साबण लावून ठेवला आणि आधी मुद्दा पटवून घेतला, हे मी डोळ्यांनी बघितलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही लोक हळू आवाजात म्हणायला लागले, म्हाताऱ्याचं डोकं गेलं.

चिडून लेखकमहाशयांनी जाहीर केलं: सुधारित आवृत्ती निघेल. खऱ्या शेवटासकट.

त्या आठवड्यात वरून टकटक आली नाही. आमची ही दर थोड्या वेळाने छताकडे बघायची. "तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "तुम्हाला तसंही राहवत नाहीच आहे." मी साखरेची रिकामी वाटी घेऊन वर गेलो.

ताईंनी दार उघडलं, वाटी बघितली. "अहो कळलावे, साखर तुम्हाला डॉक्टरने बंद केली आहे."

"हिच्यासाठी."

"तिने परवाच माझ्यासमोर दोन किलो घेतली. या, बसा. विचारायचं ते विचारा."

"ताई, मुलीला कोणी वाचवलं?"

ताई मशीनजवळ जाऊन बसल्या. कागद घातलेला होता. कोरा.

"तुम्हाला आई आठवते ना माझी?"

आठवत कशी नाही. शेवटची काही वर्षं डोळे जवळजवळ गेलेले, पण जिभेची धार शाबूत. जिन्यातून कोण चाललंय ते चपलेवरून ओळखून त्याला दोन शब्द सुनवायची. मला बहुधा चार.

"रोज संध्याकाळी टाइप झालेली पानं मी तिला वाचून दाखवायचे," ताई सांगू लागल्या. "सरांना माहीत नव्हतं. त्या नावाड्याच्या पोरीवर तिचा भारी जीव. 'आज कुठवर आली गं ती?' असं विचारायची, जशी काही नात शाळेतून यायची आहे. आणि त्याच दिवसांत आईचं दुखणं विकोपाला गेलं. डॉक्टर म्हणाले, आता फार नाही. नेमकं त्या दुपारी सरांनी शेवट सांगितला. मी लिहून घेतला. घरी आले तर ही उशीला टेकून बसलेली. 'आली का ती परत?' म्हणाली. मी म्हटलं, आली."

"बरं केलंत."

"बरं काय केलं! आईला थापा कळायच्या. म्हणाली, 'तोंडी नको. कागदावरून वाच.' मी एक कोरा कागद घेतला आणि मनाने वाचायला लागले. तिने हात पुढे केला. दे म्हणाली." ताईंनी मशीनमधला कागद काढून उलटा केला, त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. "मशीनची अक्षरं कागदाला मागून टोचतात. उठाव येतो. आईला वाचता येत नव्हतं त्यातून, पण कागद भरलेला की कोरा ते बोटाला कळायचं. कोरा कागद तिने माझ्या अंगावर टाकला. 'मला बनवतेस?' म्हणाली. मग काय करू? त्याच खोलीत, तिच्यासमोर, मी बसून टाइप केलं. मुलगी परत येते. लांबच्या पुलावरून चालत, निथळत येते, दारात उभी राहते आणि म्हणते, 'जेवायला काय आहे?'"

हे वाक्य. याच वाक्यावर लोक रडतात. आमची हीसुद्धा रडली होती, आणि ही तर आमच्या लग्नातही रडली नव्हती.

"मी लहानपणी शाळेतून आले की हेच म्हणायचे," ताई म्हणाल्या. "आईने ओळखलं. हसली. कागदाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, 'बघ. मी म्हटलं नव्हतं? येते ती.' दुसऱ्या दिवशी गेली."

मी वाटीकडे बघत बसलो.

"सरांचा शेवटही मी टाइप केला होता, त्याच रात्री, आई झोपल्यावर. दोन्ही पानं टेबलावर होती. मग घरात माणसं आली, कोणी आवरलं, कोणी गठ्ठा बांधला. मी तो नेऊन दिला. पुस्तक छापून आलं तेव्हा कळलं कोणतं पान गेलं ते. तेव्हा सांगायला हवं होतं. रोज ठरवायचे. पण सांगितलं असतं तर पुढच्या आवृत्तीत ती बुडाली असती हो. आईने तिला परत आलेली बघितली आहे." त्यांनी कागद पुन्हा मशीनमध्ये घातला. "आता उद्या सर माझ्यासमोर सांगणार आहेत, आणि मी त्यांच्यासमोर टाइप करायचं आहे. कोणावर विश्वास राहिला नाही म्हणाले. मशीन घेऊन या म्हणाले."

"मशीन उचलणार कोण?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे साखरेच्या वाटीचं व्याज मला असं द्यावं लागलं.

ते मशीन लोखंडाचं आहे की शिशाचं हे देव जाणे. दोन गल्ल्या आणि लेखकमहाशयांचा जिना. मी दर पायरीला थांबायचो, ताई वरून म्हणायच्या, "सांभाळून, घंटीला धक्का लागू देऊ नका." माझ्या कमरेबद्दल कोणी काही म्हणालं नाही.

खोलीत पुस्तकांचा वास आणि खिडकीजवळ त्यांची ती चालायची जागा, तिथली फरशी घासून गुळगुळीत झालेली. लेखकमहाशय मला म्हणाले, "तुम्ही कोण?"

"हमाल," मी म्हटलं, आणि कोपऱ्यात बसून घेतलं.

ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. थकलेले दिसत होते. पेपरवाल्यांनी त्यांना चांगलंच सोलून काढलं होतं. सांगायला लागले. धुकं. काठ. बाप खाटेवरून उठून दारापर्यंत येतो. ताई टाइप करत होत्या, टकटक सरळ पडत होती. मग एकेक अक्षर पडायला लागलं. मी नकळत वर बघितलं; तिथे अर्थातच दुसऱ्या कोणाचं छत होतं.

"'नाव काठाला लागली,'" ते म्हणाले. "'नावेत कोणी नव्हतं.'"

टकटक नाही.

"बाई?"

"सर, मला नाही जमणार."

"काय जमणार नाही?"

"तिला मारायला."

आणि मग ताईंनी सगळं सांगितलं. आई, बोटं, कोरा कागद, गठ्ठा. उभ्या राहून सांगितलं, शाळेत उभं करतात तसं. लेखकमहाशय खिडकीकडून वळलेच नाहीत.

"म्हणजे," ते पाठमोरेच म्हणाले, "लोक गेली दहा वर्षं मला जे येऊन सांगतात... की मी रडलो, मी रडले... ते तुमच्या पानावर?"

या प्रश्नाला सभ्य माणसाकडे उत्तर नसतं. माझ्याकडे होतं, पण मी जीभ चावली.

"पुस्तक घ्या. त्या कपाटातून. वाचा तो शेवट."

"सर, तुम्ही आपलं लिहिलेलं—"

"ते माझं नाहीच आहे ना! मग उष्टं कसलं? वाचा."

ताईंनी वाचलं. आईला वाचून दाखवायची सवय होतीच. पूल, निथळणारे केस, दार. 'नदी हसली' असं एक वाक्य आलं तेव्हा लेखकमहाशयांनी अंगावर पाल पडल्यासारखे खांदे उडवले. मग ते शेवटचं वाक्य. जेवायला काय आहे.

"पुन्हा," ते म्हणाले.

ताईंनी पुन्हा वाचलं.

"तुम्ही जा आता," ते म्हणाले. "मशीन राहू द्या."

बघा, मशीन ठेवून जा म्हणजे काय ते ताईंना कळलं आणि मलाही. परतताना माझे हात रिकामे होते, तरी जिना उतरताना जास्त जड वाटला. घरी आल्यावर ताई म्हणाल्या, "गेलं काम. पण मी टाइप नाही केलं ना शेवटी?" आणि मला प्रश्न पडला की हसावं की काय करावं.

मग दिवस गेले. वरती काही नाही. तुम्हाला सांगतो, रोजचा आवाज बंद झाला की घर मोठं होतं, आणि मोठं घर चांगलं नसतं. आमची ही जेवणाचा डबा वर पाठवायची, डबा धुऊन परत यायचा. ताईंची बोटं चालायची, पण आता कशावरही, भिंतीवर, कठड्यावर. लेखकमहाशयांनी दुसरा टायपिस्ट बोलावला असेल, मुलगी आतापर्यंत बुडालीही असेल, असं त्या एकदाच म्हणाल्या, आणि वर निघून गेल्या.

मग एका सकाळी पेपरात चौकट आली. लेखकमहाशयांचं निवेदन, चार ओळींचं. 'माझ्या कादंबरीचा छापलेला शेवट हाच खरा शेवट आहे. मुलगी परत येते. सभागृहात मी जे बोललो ते माझ्या विस्मरणामुळे. वयाचा दोष. प्रकाशकांची आणि वाचकांची क्षमा मागतो. सुधारित आवृत्तीची गरज नाही.'

मी ते घेऊन दोन दोन पायऱ्या चढलो. ताईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग पेपर उलटा करून त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं, जणू तिथेही काही उठाव असेल.

"वयाचा दोष म्हणे!" त्या म्हणाल्या. "या माणसाला आपण मागच्या वर्षी कोणत्या वाक्यात कोणता शब्द सांगितला होता ते पाठ असतं. चहात साखर कमी पडली ती तारीख आठवते. आणि आता सगळे म्हणणार, म्हातारा विसरभोळा झाला." त्यांनी पदराचा कोपरा डोळ्यांना लावला. "मूर्ख माणूस."

इतक्या प्रेमाने 'मूर्ख' म्हटलेलं मी फक्त आमच्या घरात ऐकलं होतं, तेही लग्नाच्या पहिल्या वर्षात.

दुपारी फोन आला. ताईंनी रिसीव्हर कानापासून लांब धरला, कारण लेखकमहाशय फोनवर नेहमीच पलीकडच्या डोंगराशी बोलल्यासारखे बोलतात, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"बाई, मशीन इथेच धूळ खात पडलंय. उद्या या. नवीन सुरू करायचंय. तो हमाल आणू नका, मशीन आता इथेच राहील, इथेच बसून टाइप करा. माझ्या डोळ्यांसमोर!"

"हो, सर."

"आणि एक. माझ्या डोक्यात ती बुडालेलीच आहे. तिथे तुमच्या मशीनचा हात पोचत नाही."

"नाही पोचत, सर."

"पण पुस्तकात राहू दे. फक्त ते 'नदी हसली' काढून टाका. नद्या हसत नाहीत! लोक समजतील मी लिहिलंय. पुढच्या छपाईसाठी दुरुस्तीचा कागद प्रकाशकाला धाडा."

"धाडते, सर."

तर अशी ती मुलगी जगली. आणि आमचं छत मात्र गप्प झालं. आता ताई तिकडेच टाइप करतात. येता-जाता जिन्यात मी विचारतो, "काय ताई, आज कोण गेलं?" नव्या कादंबरीत एक म्हातारा रखवालदार आहे, तो बरेच दिवस आजारी आहे म्हणे. लेखकमहाशय खिडकीकडून वळून, मुद्दाम मशीनकडे बघत, दर वेळी विचारतात, "बाई, लिहिलं ना? मेला ना नीट?" आणि ताई म्हणतात, "सर, उद्या बघू या का?" आणि कसं कोण जाणे, ते म्हणतात, "बरं. उद्या बघू."

परवा नावाड्याच्या मुलीची नवी छपाई आली. आमच्या हिने विकत आणली, जुनीची पानं सुटली होती म्हणून. मी लगेच शेवटचं पान उघडलं. मग पुस्तक घेऊन जिन्यात जाऊन उभा राहिलो. ताई येताना दिसल्या.

"ताई," मी म्हटलं, "नदी अजून हसतेच आहे."

"हो का?" ताई म्हणाल्या. पिशवीच्या बंदावर बोटं चालली होती, अगदी एका लयीत. "दुरुस्तीचा कागद मीच टाइप केला होता. राहिलं असेल बघा एखादं वाक्य." दोन पायऱ्या चढून त्या थांबल्या. "ते आईला फार आवडलं होतं. आणि सर काय, वाचणार थोडेच आहेत."